न ऐकू आलेला सूर

चेंबर म्युझिकला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला गंभीरपणे पडला तो एका तळघरात, ओकच्या पिंपांच्या रांगांमध्ये मांडलेल्या घडीच्या खुर्चीवर बसलेली असताना. ‘कक्षसंगीत’ हा शब्द कोशात शोभून दिसेल, पण तो उच्चारताच डोळ्यांसमोर सरकारी विश्रामगृह उभे राहते. ‘बैठक’ हा शब्द भावार्थाने जवळचा. थोडे श्रोते, हाताच्या अंतरावरचा कलावंत, ध्वनिवर्धकाची गरज नसणे, हे सगळे त्यात आहे. परंतु आपल्या बैठकीत एक गाणारा असतो आणि बाकीचे साथीला असतात. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो अशा चौघांच्या मेळात, साथीला कोणीच नसते. किंवा चौघेही आळीपाळीने एकमेकांच्या साथीला असतात. गटेने १८२९ साली आपल्या संगीतकार मित्राला, त्सेल्टरला, लिहिलेल्या पत्रात या चौघांना आपसांत बोलणाऱ्या चार सुजाण माणसांची उपमा दिली होती. ती इतक्यांदा वापरली गेली आहे की आता तिचे सुभाषित झाले आहे. पण संभाषण म्हटले की ऐकणे आले, आणि या लेखाचा विषय संगीतापेक्षा ऐकणे हाच अधिक आहे, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी लेकीकडे कॅलिफोर्नियात होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मायाकामास आणि व्हाका या दोन डोंगररांगांमध्ये नापा खोऱ्याची चिंचोळी पट्टी आहे, लांबी सुमारे ५० किलोमीटर. दिवसा कडक ऊन आणि रात्री सॅन पाब्लो उपसागरावरून आत सरकणारे धुके, या दोहोंच्या कृपेने तेथे द्राक्षे पिकतात. १९७६ साली पॅरिसमध्ये बाटल्यांची नावे झाकून एक चाचणी झाली. परीक्षक फ्रेंच होते, आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही वर्गांत त्यांनी पहिला क्रमांक दिला तो नापाच्या वाइनला. तेव्हापासून या खोऱ्याचे नाव जगात झाले. साहित्याच्या माणसाला मात्र ते त्याच्या बरेच आधीपासून ठाऊक असते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० साली नवपरिणीत पत्नीसह येथे राहून गेला आणि ‘द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स’ (१८८३) या पुस्तकात त्याने या भागातील द्राक्षमळ्यांचे आणि याकोब श्राम नावाच्या मळेवाल्याचे वर्णन केले. श्रामच्या डोंगरातली तळघरे चिनी मजुरांनी हातांनी खोदलेली आहेत. स्टीव्हन्सन येऊन गेल्यावर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करणारा कायदा झाला.

द्राक्षमळ्यात संगीत ही कल्पनाही जुनी आहे. सॅराटोगाच्या डोंगरावरील पॉल मॅसन यांच्या वायनरीत १९५८ पासून उन्हाळी मैफली होऊ लागल्या. नापा खोऱ्यात मायकल आणि डारिया अॅडम्स या वादक दांपत्याने १९९५ साली ‘म्युझिक इन द व्हिनयार्ड्स’ हा चेंबर म्युझिकचा महोत्सव सुरू केला. तो ऑगस्टमध्ये असतो आणि त्याच्या मैफली कधी वायनरीच्या सभागृहात, कधी पिंपे मुरत ठेवलेल्या तळघरात होतात. एका शनिवारची आणि त्याला लागून आलेल्या रविवारची अशी दोन संध्याकाळची तिकिटे लेकीने काढून ठेवली होती. ‘आई, तुला आवडेल. माइक नाही, गोंगाट नाही, सगळं समोर,’ असे ती म्हणाली. ते वाक्य तिने दोनदा उच्चारले. ते दोनदा का उच्चारले, हे मला नंतर कळले.

मी निफाड तालुक्यातली. वडिलांच्या पाच एकरांतली द्राक्षबाग धाकट्या भावाने वाढवली आणि मी नाशिकला महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. त्यामुळे नापाच्या वेलींकडे पाहताना माझ्या मनात काव्यापेक्षा हिशेब अधिक चालू होते. आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. वेलीला झोप अशी नाहीच. येथे थंडीत वेल निवांत झोपते आणि एकच पीक देते. आमचे घड मांडवावरून खाली लोंबतात. येथे कमरेएवढ्या तारांवर वेली ओळीने उभ्या. एक नाते मात्र मला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपचे आणि मागोमाग कॅलिफोर्नियाचे मळे उद्ध्वस्त केले. तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन रानवेलींच्या खुंटांवर युरोपीय जातींची कलमे बांधणे हाच उपाय उरला. नाशिककडेही गेल्या काही दशकांत पाण्याची टंचाई आणि खारवट जमिनी यांना तोंड देण्यासाठी ‘डॉगरिज’ हा खुंट सर्रास वापरतात, आणि तो टेक्सासमधल्या एका रानवेलीतून निवडलेला आहे. म्हणजे निफाडच्या आमच्या बागेची मुळे अमेरिकन आहेत. हे मी लेकीला सांगितले तेव्हा ती हसली आणि काहीतरी बोलली. ते मला ऐकू आले नाही. मीही हसले.

येथे मूळ गोष्टीकडे यायला हवे. गेली चार-पाच वर्षे माझे कान उतरत चालले आहेत. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणाची एक रीत असते. अंतःकर्णातल्या शंखाकृती नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आणि झिजतातही त्याच आधी. म्हणून माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. स्वर शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारखी व्यंजने गळून पडतात. वाक्य म्हणजे वाळवी लागलेली पोथी होते. अक्षरांच्या जागी भोके, आणि ती भोके वाचणाऱ्याने अंदाजाने भरायची. मी शब्दांत जन्म घालवलेली बाई. भोके भरण्यात मी फार लवकर तरबेज झाले. समोरच्याचा चेहरा, वाक्याचा चढउतार, दोन-चार ओळखीचे शब्द, एवढ्यावर मी संपूर्ण वाक्य रचत असे. नाशिकला कोणाला न सांगता मी दोन्ही कानांसाठी यंत्रे घेतली. ती केसांआड दडत. जिथे तीही कमी पडत, तिथे ‘छान, छान’ हे दोन शब्द उपयोगी येत.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. त्याच सुमारास पुतणीचे लग्न ठरत आले होते, आणि तुळशीची लग्नेही नुकतीच उरकली होती. भाऊ बोलत होता. त्याच्या वाक्यातला ‘मांडव’ हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. पुढचे आले नाही. मी म्हणाले, ‘वा! छान झालं. मला आधी कळवायचंस तरी!’ पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, ‘बरं ताई, ठेवतो.’ एवढे मात्र ऐकू आले. चार दिवसांनी भावजयीकडून कळले की तीन एकरांवरचा मांडव घडांसकट जमिनीवर झोपला होता आणि माझ्या भावाने ते घरच्यांखालोखाल मला सांगितले होते. मी त्याला फोन करून सांगितले, रेंज नव्हती, नीट ऐकू आले नाही. ‘असू दे ताई,’ तो म्हणाला. त्यानंतर त्याचे फोन थांबले. रोज सकाळी फुलांचे चित्र असलेला सुप्रभातचा निरोप मात्र येत राहिला. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्याशी संबंध ठेवण्याची ही नवी सोय आहे.

हे ओझे घेऊन मी त्या तळघरात बसले होते.

तळघर डोंगराच्या पोटात. बाहेर पस्तीस अंशांचे ऊन आणि आत शाल लागेल इतका गारवा. भिंतींना टेकून २२५ लिटरची पिंपे एकावर एक रचलेली, आणि हवेत ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या रसाचा वास. तो वास मला परका नव्हता. बेदाण्याच्या शेडजवळ तो मिळतो. मैफलीआधी पेले फिरले. मी पीत नाही, त्यामुळे बाजूला उभी राहून वाइनविषयीचे बोलणे ऐकत, म्हणजे पाहत, होते. या पेयाच्या जाणकारांची भाषा आपल्या समीक्षेच्या भाषेहून फार वेगळी नाही. पोत, खोली, समतोल, मागे रेंगाळणारी चव. आम्ही कवितेविषयी असेच बोलतो, आणि घोट घेतलेला नसतानाही बोलता येते.

कार्यक्रम हायडनने सुरू झाला. हायडनने अडुसष्ट क्वार्टेट लिहिली आणि या प्रकाराला त्याचे प्रौढ रूप दिले. ही रचना मुळात श्रोत्यांसाठी कमी आणि वाजवणाऱ्यांच्या स्वतःच्या आनंदासाठी अधिक असे. व्हिएन्नात शुपान्त्सिगने १८०४ च्या सुमारास तिकिटे लावून क्वार्टेटच्या जाहीर मैफली सुरू केल्या तेव्हा कुठे हे संभाषण परक्यांपुढे आले. मला पहिल्याच भागात एक जागा अशी आवडली की हात आपोआप उचलला गेला आणि ‘वा’ ओठांपर्यंत आली. ती गिळावी लागली. आजूबाजूला इतकी शांतता होती की घशाचा आवाजही अपराध ठरावा. ही शांतता सनातन नाही. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या सिंफनीच्या मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आनंद व्यक्त केला आहे. श्रोत्याने मुका असावे हा दंडक एकोणिसाव्या शतकाने रुजवला. आमच्या बैठकीत श्रोता दाद देतो, त्यावरून गाणाऱ्याला कळते की समोरच्याने काय ऐकले. येथे ते कळण्याचा मार्ग नाही. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मला ही सोय वाटली. मुक्या सभेत बहिरा माणूस सुरक्षित असतो.

उत्तरार्धात स्मेतानाचे ई मायनरमधील पहिले क्वार्टेट होते. त्याला त्याने ‘माझ्या आयुष्यातून’ असे नाव दिले आहे. सुरू करण्यापूर्वी व्हियोलावादक उभा राहिला आणि त्याने रचनेची पार्श्वभूमी सांगितली. तो सावकाश बोलत होता आणि मी दुसऱ्या रांगेत होते, त्यामुळे बहुतेक समजले. जे समजले नाही ते पुढे वाचून भरून काढले. बेद्रिख स्मेताना १८७४ साली, पन्नाशीत, पूर्ण बहिरा झाला. पुढे तो प्राग सोडून याब्केनित्से या खेड्यात लेकीच्या घरी राहायला गेला; जावई वनाधिकारी होता. तेथे १८७६ साली त्याने हे क्वार्टेट लिहिले. पहिल्या भागात तारुण्याची ओढ आणि तिच्यावर पडलेली येणाऱ्या संकटाची सावली. दुसऱ्यात पोल्का, नाचाची आठवण. तिसऱ्यात निवर्तलेल्या पहिल्या पत्नीवरचे प्रेम. चौथ्यात आपल्या देशाच्या संगीताचा मार्ग सापडल्याचा आनंद. त्या आनंदाच्या ऐन भरात वादन तुटते. खालची वाद्ये थरथरू लागतात आणि पहिले व्हायोलिन एक अतिशय उंच ‘ई’ धरून ठेवते. बहिरेपण येताना स्मेतानाच्या कानांत वाजू लागलेली शीळ ती हीच.

चौथा भाग सुरू झाला. मी त्या सुरासाठी तयार होऊन बसले. वादन धावत होते, मग एकाएकी थांबले. चेलो आणि व्हियोला यांची थरथर मला ऐकू आली. पहिल्या व्हायोलिनवादिकेने डावा हात तारेवर पार वर नेला. तिचा गज हलू लागला, एकसारखा, सावकाश. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईने खांदे आक्रसून घेतले. लेकीने माझा हात धरला. गज हलतच होता.

मला काही ऐकू आले नाही.

चार वाद्यांपैकी तिघांचे वादन कानी येत होते आणि चौथ्याचे डोळ्यांना दिसत होते. मग गज खाली आला, जुन्या भागांचे तुकडे आठवणींसारखे येऊन गेले आणि रचना जवळजवळ कुजबुजत संपली. टाळ्या. मीही वाजवल्या. बाहेर पडताना लेक म्हणाली, ‘तो ई कसला अंगावर आला ना गं?’ मी म्हणाले, ‘हो ना. शहाराच आला.’

गाडीत बसल्यावर मला त्या वाक्याची लाज वाटू लागली. हे ‘छान, छान’चेच भावंड होते. ज्या माणसाने आपले बहिरेपण लपवले नाही, उलट त्याला एक सूर देऊन सर्वांसमोर ठेवले, त्याच्या त्या सुराविषयी मी आपले बहिरेपण लपवण्यासाठी खोटे बोलले होते. रस्त्याच्या कडेला एका मळ्यात दिव्यांचा झोत दिसला. नापात पुष्कळ तोडणी रात्रीच करतात. गारव्यात द्राक्षे टणक राहतात आणि मजुरांनाही उन्हाचा त्रास नसतो. शॅम्पेनसारख्या फेसाळ वाइनची द्राक्षे ऑगस्टमध्येच काढायला येतात. डोक्याला दिवे बांधलेली माणसे ओळींतून वाकून झपाझप पुढे सरकत होती. बहुतेक मेक्सिकोची. आमच्याकडे छाटणीला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, तशीच. त्यांच्यातला कोणी काहीतरी ओरडला आणि बाकीचे हसले. तेही मला दिसलेच फक्त.

मी म्हणाले, ‘मला तो ई ऐकू आला नाही.’

लेकीने गाडीचा वेग कमी केला. ‘मला माहीत आहे,’ ती माझ्याकडे तोंड वळवून, शब्द सुटे करत म्हणाली. न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या डब्यात तिला यंत्राच्या बॅटरीवरच्या तपकिरी चिकटपट्ट्या सापडल्या होत्या. ‘तू सांगशील म्हणून थांबले होते.’ मग दोनदा उच्चारलेल्या त्या वाक्याचा उलगडा झाला. सगळे वाक्य ती दोनदा उच्चारत होती, आणि मला वाटत होते, परदेशात राहून मुलीला ही खोड लागली.

घरी पोहोचल्यावर तिने यंत्रासोबतची पुस्तिका संगणकावर शोधून वाचली. ही यंत्रे बोलण्यासाठी बनवलेली असतात, संगीतासाठी नव्हे. यंत्रातून आवाज गळून पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरला की शीळ घुमते. ती दाबण्याची योजना यंत्रात असते, आणि ती ओळखण्याची खूण म्हणजे एकच उंच, स्थिर, लांबलेला सूर. स्मेतानाचा तो ‘ई’ नेमका तसाच आहे. त्याची कंपने सेकंदाला २६०० हून थोडी अधिक. माझ्या कानांनी त्यातले बरेच आधीच गमावले होते. जे उरले होते ते बहुधा यंत्राने आपलीच शीळ समजून पुसून टाकले. बहिरेपणाचा सूर बहिरेपणावरच्या उपायानेच गिळला. लेक हसू लागली आणि मीही हसले. या वेळी कशाला ते ठाऊक होते.

त्या रात्री मी शिक्षकी सवयीने एक प्रश्न घोळवत राहिले. स्मेतानाने एका मित्राला पत्र लिहून या क्वार्टेटचा अर्थ स्वतःच सांगून ठेवला नसता, तर त्या ‘ई’चे काय झाले असते? तो केवळ एक उंच सूर राहिला असता. मी वर्गात वर्षानुवर्षे मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ शिकवले. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर कलाकृती उभी असते, तिचे मोल तिच्या आतल्या संबंधांत शोधावे, कर्त्याच्या चरित्रात नव्हे, हे मी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवले. त्या दृष्टीनेही ‘ई’चे समर्थन करता येते. धावत्या आनंदाला तो विरोध आहे, आणि नंतरचा मंद शेवट हा समतोल आहे. पण पुढच्या रांगेतल्या त्या बाईचे खांदे विरोधतत्त्वाने आक्रसले नव्हते. तिला सांगितले गेले होते की हा एका माणसाचा कान जाताना झालेला आवाज आहे. आणि मला, त्या सुराच्या अर्थाचा अनुभव तेथे बसलेल्या कोणाहीपेक्षा जवळून असताना, सूर मात्र मिळाला नाही. अर्थ आहे आणि सूर नाही. इतरांकडे सूर आहे आणि अर्थ सांगोवांगीचा. यातले अधिक पूर्ण ऐकणे कोणते, याचे उत्तर मला आजही देता येणार नाही. एवढे खरे की मी ज्याला आस्वाद म्हणत आले, त्यात न ऐकलेले अंदाजाने भरण्याचा वाटा मी मानत होते त्याहून खूपच मोठा होता. पोथीतली भोके भरणारा माणूस विद्वान ठरतो. भाऊ बोलत असताना तेच केले तर काय होते, ते मी पाहिले होते.

आणखी एक. स्मेतानाशी किंवा बेथोव्हेनशी आपली तुलना करण्याचा मोह अशा वेळी होतो, तो आवरलेला बरा. त्यांचे आतले कान शाबूत होते. १८७८ साली प्रागमध्ये या क्वार्टेटचे पहिले खाजगी वादन झाले. व्हियोलावर तरुण द्वोर्झाक होता, आणि रचनाकाराला त्यातले काहीही ऐकू येत नव्हते, तरी त्या खोलीत पुढे काय येणार हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? मला पुढे काय येणार ते ठाऊक नव्हते. मी फक्त ऐकल्याचे सोंग करत होते.

रविवारची मैफल वरच्या मजल्यावरील लाकडी फरशीच्या दालनात होती. लेकीने कोणाशी तरी बोलून जागा बदलून घेतल्या आणि आम्ही पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला बसलो. कार्यक्रमात शूबर्टचे सी मेजर क्विंटेट होते. १८२८ च्या शरदात, मृत्यूच्या दोनेक महिने आधी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने ते पुरे केले. पहिले जाहीर वादन झाले ते १८५० मध्ये. नेहमीच्या चौघांत त्याने पाचवा घातला तो दुसरा चेलो, म्हणजे आणखी एक खालचा आवाज. मी दोन्ही यंत्रे काढून डबीत ठेवली.

दुसरा भाग, आदाजिओ, सुरू झाला. येथे मुख्य धून मधल्या तिघांकडे आहे. दुसरे व्हायोलिन, व्हियोला आणि पहिला चेलो इतक्या सावकाश एकत्र सरकतात की श्वास कधी घ्यावा ते कळत नाही. पहिले व्हायोलिन, एरवीचा नायक, वरून मध्येच दोन-चार सुरांचे काही बोलून गप्प होते. दुसरा चेलो खालून तार छेडत असतो. वरचे बोलणे मला पुसट येत होते, धार गेलेले. परंतु मधले तिघे पूर्ण ऐकू येत होते, कारण ते माझ्या उरलेल्या कानांच्या टापूत होते. आणि दुसऱ्या चेलोची प्रत्येक छेड त्याच्या टोकाच्या सळईवाटे लाकडी फरशीत उतरून माझ्या तळपायांत येत होती. ही रचना मी नाशिकला ध्वनिमुद्रिकेवरून कैक वेळा ऐकलेली होती. प्रत्येक वेळी मी वरच्या व्हायोलिनच्या मागे गेले होते, आपण मैफलीत गाणाऱ्याच्या मागे जातो तशी. मधल्या आवाजांची धून मी तोवर पार्श्वभूमी समजत होते. कान शाबूत असताना मला ती ऐकू आली नव्हती.

याला भरपाई म्हणण्याचा मोह मला नको आहे. जे गेले ते गेले. शेवटच्या भागातल्या व्हायोलिनच्या झेपा मी त्या दिवशी गमावल्या, आणि त्या परत मिळणार नाहीत.

परत येईतो रात्रीचे साडेनऊ झाले होते. निफाडला सकाळचे दहा. लेकीने फोन मेजावर ठेवून आवाज मोठा केला आणि मी भावाला लावला. तो चकित झाला असावा. आधी त्याने विचारले, सगळे बरे आहेत ना?

मी म्हणाले, ‘माझे कान गेलेत. चार वर्षं झाली. त्या दिवशी मला फक्त मांडव एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, लग्नाचा.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. फोन चालू आहे हे लेकीने हातानेच खुणावून सांगितले. मग त्याचा आवाज आला. तो मध्यम पट्टीतला आहे, वडिलांसारखा. मला तो ऐकू येतो. ‘मला वाटलं होतं,’ तो म्हणाला, ‘ताईला आता बागेचं काही वाटत नाही.’

त्यानंतर तो पुष्कळ बोलला. दीड एकरावरचा मांडव पुन्हा उभा केला आहे, लोखंडी अँगल कर्जाने घेतले. उरलेल्या दीड एकरात खुंट जिवंत आहेत, त्यांच्यावर नवे कलम बांधायचे की वेल काढून टाकायची, ते गोडी छाटणीच्या आत ठरवायचे आहे. भावजयीचे मत वेगळे आहे. हे सांगून त्याने आणखी एक वाक्य उच्चारले आणि विचारले, ‘ऐकू आलं का?’

ते वाक्य आले नव्हते. मी तसे सांगितले. त्याने ते पुन्हा सांगितले.